एक डोळ्याची लागण

गेल्या महिन्यात थोरली लेक मला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मी आता तिच्याकडेच असतो, मंगळवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, जिथं माती बघायची तर तुळशीच्या कुंडीत बोट घालावं लागतं. बाईंनी माझी हनुवटी यंत्रावर टेकवली, डोळ्यात उजेड मारला आणि म्हणाल्या, "आजोबा, मोती चांगलाच पिकलाय की. इतके दिवस काय करत होता?" मी म्हटलं, "बाई, डोळा फुटायची वाट बघत होतो." बाई दचकल्या. लेक म्हणाली, "दादा, गप बसा की जरा." मी गप बसलो, पण हसू काही दाबलं जाईना. हनुवटी हलायला लागली आणि बाईंना तपासणी परत करावी लागली. ते हसू ज्या एका माणसाला कळलं असतं ते माणूस दिवाळीच्या आधी मेलं. वारली, गेली, डोळे मिटले, असं लिहायचं असतं म्हणे. मी चौथी शिकलेला माणूस. मेली, एवढंच मला येतं. घरी आल्यावर लेक म्हणाली, तुम्ही असं एकटंच हसता ते मला बघवत नाही, काय हसण्यासारखं आहे ते एकदा लिहून तरी काढा. म्हणून लिहायला बसलोय. अक्षर वाकडं आहे, आणि सांगणारा त्याहून.

डोळा हा शब्द तसा भानगडीचा. माणसाला दोन असतात, नारळाला तीन, बटाट्याला वाटेल तेवढे. पण कळंब्याच्या बाजूला ज्याचं लहानपण गेलं त्याला डोळा म्हटलं की आधी ऊस आठवतो. उसाच्या दोन कांड्यांच्या जोडावर, एका अंगाला, हरभऱ्याच्या डाळीएवढा फुगीर ठिपका असतो, तो उसाचा डोळा. ऊस काही बी टाकून येत नाही. त्याचे कोयत्यानं तुकडे करायचे, त्याला टिपरी म्हणतात, ती सरीत पुरायची आणि त्या डोळ्यातून कोंब वर येतो. कोंब आला की आमच्याकडे म्हणतात, डोळा फुटला. म्हणजे बघा, माणसाचा डोळा फुटला की घरात रडारड आणि उसाचा फुटला की घरात पोळ्या. लागण या शब्दाचंही तसंच. उसाची केली तर काम, रोगाची झाली तर दवाखाना. आमच्या घरात या दोन शब्दांची उठबस इतकी होती की त्यांना दुसरा काही अर्थ असतो हे मला बरंच उशिरा कळलं. शाळेत गुरुजींनी एकदा 'डोळा' शब्द वाक्यात वापरायला सांगितला. मी पाटीवर लिहिलं, "आमच्या आबांचा एक डोळा वाळवीने खाल्ला म्हणून आबांनी दुसरा पुरला." गुरुजी शहरातले होते. संध्याकाळी ते आबांची चौकशी करायला घरी आले आणि गोठ्यात धार काढत बसलेल्या माझ्या बापाच्या तोंडाकडे बराच वेळ खाली वाकून बघत राहिले. आबांना वाटलं, मास्तराला म्हैस घ्यायची आहे.

आबा म्हणजे माझे वडील. कमी बोलायचे, आणि जे बोलायचे ते शिवी वाटायचं. 'बेणं' हा त्यांचा लाडका शब्द. बेणं म्हणजे लावायला राखलेला ऊस, आणि कोल्हापुरात बेणं म्हणजे द्वाड माणूसही. "ते बेणं कुठं गेलंय?" असं आबांनी ओरडून विचारलं की मी हजर व्हायचो, आणि नेमका त्याच वेळी त्यांना खरोखरचा ऊस पाहिजे असायचा. घर आमचं तलावाच्या खालच्या अंगाला, दोन खणांचं, पुढं सोपा, म्हणजे ओसरी, मागं गोठा. लागणीच्या दिवसांत पहाटेपासून सोप्यात ओंडक्यावर कोयता पडायचा, खट, खट, आणि आत आईच्या भाकरीचा आवाज, थप, थप. दोन्ही आवाज एका चालीवर आले की आई आतूनच म्हणायची, "हळू तोडा, माझी भाकरी पळायला लागली." न्याहारीला ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, वर कच्चं तेल आणि दह्याचं गाडगं मधोमध. शेजारच्या गुऱ्हाळावरून गरम गूळ आला असला तर त्यात शेंगदाणे दाबून खायचे. उसाचा रस हाताला चिकटलेला, त्यावर खर्डा, आणि तोच हात डोळ्याला. इथं मी माणसाच्या डोळ्याबद्दल बोलतोय. निम्मं लहानपण माझं डोळ्यात पाणी घेऊन गेलं आणि त्यात दुःखाचा काही संबंध नव्हता.

मिसरूड फुटली तशी मला अक्कल फुटल्याचा भास व्हायला लागला. शेतकी खात्याचे एक साहेब चावडीत येऊन बोलून गेले. आमच्याकडे सगळे तीन डोळ्यांची टिपरी लावायचे. साहेब म्हणाले, एका डोळ्याची लावा, बेणं तिसऱ्या हिश्शात भागतं आणि फूटही जोरदार येते. बाकीची माणसं चहा पिऊन घरी गेली. मी मात्र ही युक्ती जणू माझ्याच डोक्यातून निघालीय अशा थाटात आबांपुढं जाऊन उभा राहिलो.

"आणि त्यो एक डोळा मेला तर?" आबा म्हणाले. "संगती दुसरा नको?"

"मरत न्हाय आबा. साहेब म्हणालं."

"साहेब काय सरीत झोपून राखणार हाय?"

"मी राखतो की."

"तू? तुला हाक मारून उठवाय दोन माणसं लागत्यात."

शेवटी आईनं मध्ये पडून पाटाकडेचा तुकडा मला देववला. मी एकेक टिपरं बाळासारखं ठेवत गेलो, डोळा वर नाही, खाली नाही, बरोबर कुशीवर. येणारे जाणारे बांधावर थांबून बघायचे. आठवडाभरात गावानं माझं बारसं केलं. एकडोळ्या. दुकानात गेलं तरी, "काय पायजे एकडोळ्या?" मला त्यात कमीपणा वाटत नव्हता. उलट किताब मिळाल्यासारखा मी छाती काढून फिरायचो. मोठेपणाची हाव असलेल्या माणसाला कुठलंही नाव पुरतं.

त्याच सुमारास घरात माझ्या लग्नाचा विषय निघाला होता. दत्तूमामा, आईचा भाऊ, एसटीत कंडक्टर होता, कोल्हापूर-चंदगड गाडीवर. चंदगडच्या अलीकडच्या एका वाडीतली मुलगी त्यानं हेरली होती. तानू तिचं नाव. गाडीला डबा द्यायला यायची, सुट्टे पैसे बरोबर मोजून द्यायची आणि कंडक्टरशी हुज्जत घालायची. मामाच्या मते बायकोत याहून जास्त काही लागत नाही. मी तिला बघितलेलं नव्हतं, पण मामाच्या तोंडून ऐकून ऐकून ती हुज्जत मला पाठ झाली होती. रात्रंदिवस तेच डोक्यात. सरीत पाणी सोडताना मी एकटाच तिच्याशी भांडायचो आणि हरायचो. आबांना विचारलं तर म्हणाले, "आदी ती डोळं फुटू देत. ज्याला टिपरं लावाय येत न्हाय त्यानं संसार कशाला लावायचा?"

मामानं जाता येता ही अट त्या मुलीच्या बापाच्या कानावर घातली. थांब्यावर गाडी उभी, इंजिन चालू, माणसं चढतायत, त्यात मामा खिडकीतून ओरडला, "पावणं, पोराची एक डोळ्याची लागण हाय. जरा दम काढा." त्यांच्या भागात तेव्हा भात, नाचणा आणि काजू. ऊस म्हणजे जत्रेत चोखायची वस्तू. त्या माणसाला इतकंच कळलं की मुलाच्या एका डोळ्याला कसली तरी लागण झालीय. चांगला माणूस. त्यानं मुलगा बरा व्हावा म्हणून देवाला नारळ बोलला.

इकडे महिनाभरात माझा तुकडा उगवून आला. एक सरी मोकळी नाही. आबांनी बांधावरून दोन फेऱ्या मारल्या, तंबाखू थुंकली आणि म्हणाले, "बेणं बरं हुतं." माझ्याबद्दल की उसाबद्दल, ते मी अजून ठरवतोय. दुसऱ्या दिवशी मामा रजेवर होता म्हणून त्यानं गाडीवरच्या दुसऱ्या कंडक्टरला निरोप दिला, आमच्या पोराचे डोळे फुटले, आता घर बघायला या. त्या भल्या माणसानं तो निरोप जसाच्या तसा पोचवला. फक्त 'घर बघायला' तेवढं वाटेत सांडलं. वाडीत निरोप गेला तो असा, पोराचे डोळे फुटले, या.

ती माणसं आली त्या दिवशी माझे डोळे आले होते. हे मात्र माणसाचे. सगळ्या गावाला आले होते, लाल, सुजलेले, सकाळी पापण्या चिकटून बसायच्या. आई गुलाबपाण्याच्या घड्या ठेवून ठेवून दमली आणि शेवटी तिनं मामाचा काळा चष्मा माझ्या नाकावर चढवला. घरात पुरणपोळ्या चालल्या होत्या. मी नवा सदरा घालून आतल्या खणात बसलो होतो, भिंत कुठं आहे हे हातानं बघत. तेवढ्यात सोप्यात आवाज झाला. मुलीचा बाप आला होता आणि सोबत त्याची थोरली बहीण, गौराक्का. दोघं काही न बोलता, चपला लांब सोडून, खाली मान घालून घोंगड्यावर टेकली. गौराक्कानं पदर डोक्यावरून पुढं ओढला. आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेली तशी ती बाई उठली आणि आईच्या गळ्यात पडून हुंदके द्यायला लागली. माझ्या आईला काही कळेना. पण दारात आलेली बाई रडतीय म्हणजे त्यांच्याकडचं कोणीतरी गेलं असणार, एवढा तिनं हिशेब केला आणि तिनंही गळा काढला. आमच्याकडे रडायला कारण विचारत नाहीत, ते वाईट दिसतं. दोघी एकमेकींच्या दुःखासाठी चांगल्या मनसोक्त रडल्या.

"कवा झालं हे?" डोळे पुसत गौराक्कानं विचारलं. त्यांच्या बोलण्यात एक हेल होता, शब्दाच्या शेवटी गा आणि गे लावायचा.

आबांना वाटलं, उसाचं विचारतायत. "आठ दिस झालं की," ते म्हणाले. "आदी एक फुटला. मग काय, बगता बगता सगळं."

"आरं देवा. आणि औषधपाणी?"

"पाणी दिलं. खत दिलं की."

गौराक्का भावाकडे बघायला लागली. भाऊ दाढी खाजवत म्हणाला, "मामा म्हणालं हुतं गा, एका डोळ्याचीच लागण हाय म्हणून."

"व्हय की. एकाचीच," आबा म्हणाले. त्यांना आता रंग चढला होता. असं पाहुण्यांनी शेतीचं विचारावं आणि त्यांनी सांगावं, हा योग त्यांच्या वाट्याला कमी यायचा. "मी म्हणत हुतो, फुटायचं न्हाईत. गावबी म्हणत हुतं. पण पोरगं हट्टाला पेटलं. रोज उठून तिथंच. शेवटी फोडून दावलं बगा त्यानं."

"सोताच्या हातानं?" गौराक्काचा आवाज बसला.

"मग काय माणसं लावायची व्हय?"

त्याच वेळी आईनं मला हाक मारली आणि मी बाहेर आलो. काळा चष्मा, गालावर पाण्याचे ओघळ, उंबरा पायानं चाचपतोय. उंबरा सापडला पण खुंटीवरचा कासरा सापडला नाही, तो गळ्यात अडकला. गौराक्कानं परत हंबरडा फोडला. मी आवाजाच्या दिशेला वाकून नमस्कार केला तो आमच्या कुत्र्याला झाला. आईनं पोळ्यांची ताटं आणली तर मुलीच्या बापानं हात जोडले, "गोड नको. अशा वेळी गोड घशाखाली उतरत न्हाय." आई म्हणाली, "तुमच्याकडचं कोण गेलं ते तरी सांगा." तो म्हणाला, "आमच्याकडचं? आमच्याकडं सगळी बरी हायत." गोठ्यात म्हैस तेवढी रवंथ करत होती, तिला सगळं कळल्यासारखी.

"चला," आबा उठत म्हणाले. रडणाऱ्या माणसांचा त्यांना कंटाळा येत असे. "रानात जाऊ. डोळं दावतो."

"रानात?" गौराक्का म्हणाली. "रानात टाकल्यात व्हय गा डोळं?"

मी त्यांच्या मागून चाचपडत गेलो. पुढं काय झालं ते मी नीट बघितलं नाही, ऐकलं. आबांनी सरीत उकिडवं बसून माती बाजूला केली असावी आणि कोंबाच्या बुडातला डोळा बोटानं दाखवला असावा. "ह्यो डोळा. ह्योबी डोळा. ही सगळी पोराचीच." मग गौराक्का म्हणाली, "म्हंजे ह्या पोराला दिसतंय?" आबा म्हणाले, "त्याला? त्याला नुस्तं डोळं आल्यात. चार दिसात जात्यात." आणि मग मुलीचा बाप हसायला लागला. बारीक अंगाचा माणूस, पण बांधावर बसून, पोट धरून, शेजारच्या रानातली माणसं गोळा होईपर्यंत हसला. आबाही हसले. मी पहिल्यांदा त्यांचं हसू ऐकलं, खोकल्यासारखं होतं. मला वाटलं, झालं, जमलं.

गौराक्का मात्र हसली नाही. घरी परत आल्यावर ती सोप्यात माझ्या आईला म्हणाली, "जमलं कसलं गे. आता घरात जाऊन पोरीला काय सांगायचं?" आणि मग तिनं जे सांगितलं ते मी दारामागं उभा राहून ऐकलं. तानूला लहानपणी देवी आल्या होत्या. एका गालावर त्यांच्या खुणा होत्या, चांगल्या ठळक. कितीतरी स्थळं येऊन पोहे खाऊन, तिला उभी करून, उजेडात वळवून, कळवतो म्हणून गेली होती. माझा निरोप गेला तेव्हा तिच्या बापानं हे स्थळ सोडून द्यायचं ठरवलं. तर ती म्हणाली, सोडू नका. आंधळा असला तर असू दे. त्याला हाताला धरून मी रानात नेईन, आणीन. पण तो मला वळवून बघणार नाही. "तिनं मनाची तयारी केली हुती," गौराक्का म्हणाली. "आता ह्याला दोन डोळं हायत म्हटल्यावर ती हुबी ऱ्हायची न्हाय. परत कुणाम्होरं पाटावर बसणार न्हाय, असं तिनं देवाम्होरं सांगितलंय."

एखाद्या माणसाला त्याचे डोळे धड आहेत म्हणून नकार मिळावा, हे कोल्हापूर जिल्ह्यात माझ्याच बाबतीत घडलं असावं. दुसऱ्या दिवशी मी मामाच्या गाडीत बसलो. आई म्हणाली, बरा होऊन जा. मी म्हटलं, बरा झालो तर ती बघायचीसुद्धा नाही. गाडीत माझ्या शेजारी कोणी बसेना. त्या काळी सगळे मानायचे की डोळे आलेल्याच्या डोळ्यात बघितलं की बघणाऱ्याला येतात. अख्खा बाक मला. घाट आला, वळणं आली, मला फक्त काजूच्या मोहराचा वास कळला. मामानं बोट धरून मला त्यांच्या अंगणात नेलं तेव्हा शेजारच्या बाया कुजबुजल्या, "आंधळाच हाय की गे, उगा सांगत्यात दिसतंय म्हणून."

तानू बाहेर आली नाही. ती चुलीपाशी, मधे कुडाची भिंत. आतूनच तिनं आत्याला विचारलं, मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं.

"दिसतंय काय त्यास्नी?"

"दिसतंय गे," गौराक्का म्हणाली.

"मग कशाला आल्यात?"

मी चार वाक्यं जुळवून नेली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हटलं, "आत्ता तरी काय दिसत न्हाय. पापण्या चिकटल्यात. मघाशी तुमच्या खांबाला पावणं म्हणालो."

आत कशावर तरी पळी आपटली. "बरं झाल्यावर दिसंल की."

"दिसंल."

"मग बगशीला की वळवून."

"बगू की. तूबी बग की," मी म्हणालो. "माझं कान सुपाएवढं हायत. दात म्होरं. आई म्हणती, ह्यो हसला की म्हस बुजती. तुजं एका गालावरच हाय. माझं सगळीकडं हाय."

मामानं मला कोपर मारलं. लग्नाच्या बोलण्यात मुलीच्या खुणा तोंडावर काढायच्या नसतात एवढी अक्कल मला पाहिजे होती. मला वाटलं, उठावं आता, गाडी परत जायच्या आत थांब्यावर पोचावं. तेवढ्यात आतून ती म्हणाली, "जेवून जावा म्हणावं. ओला काजू सोललाय सकाळपास्नं. आता काय कोंबड्यास्नी घालू?"

ती ताट घेऊन स्वतः बाहेर आली. गौराक्का मागून म्हणाली, "त्याच्याकडं बगू नगो गे. डोळ्यात डोळा गेला की लागण हुती." मी चष्मा काढला, ताट कुठं आहे ते बघायचं होतं म्हणून. तांदळाची भाकरी, ओल्या काजूची उसळ. मला समोर एक हिरवा डाग दिसला, लुगड्याचा असणार, आणि त्याच्या वर काहीच नाही, नुसतं धुकं. तिनं ताट ठेवलं, तेव्हा बांगड्या वाजल्या. मग वाजायच्या थांबल्या. ती गेली असती तर परत वाजल्या असत्या. मी मान वर करून त्या धुक्याकडे तोंड करून बसलो, डोळे जितके उघडतील तितके उघडे ठेवून. पाणी गळत होतं, ते पुसायचं भान नव्हतं. बरं दिसत नसणार. "ताक घे जा आतलं," गौराक्का म्हणाली. बांगड्या वाजल्या. मी पंच्यानं तोंड पुसलं आणि जेवलो. ती उसळ पुढं जन्मभर तिच्या हातची खाल्ली, पण त्या दिवशी ती कशी लागली ते मला आठवत नाही. मीठ होतं की नव्हतं, तेही नाही.

निघताना तिच्या बापानं इतकंच म्हटलं, "कळवतो." हे कळवतो त्या घरानं आजवर फक्त ऐकलं होतं, म्हणताना ते त्याच्या तोंडी नीट बसलं नाही. मी घरी आलो. डोळे बरे झाले. ऊस गुडघ्याएवढा व्हायला लागला. रोज मामाच्या गाडीची वेळ झाली की मी काही तरी निमित्त काढून रस्त्याकडेला जायचो आणि मामा लांबूनच मान हलवायचा. आबा बघायचे, बोलायचे नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "त्या तुकड्यात तण झालंय. तुजं ध्यान कुठं हाय?" मी खुरपं घेऊन बसलो आणि तणाबरोबर दोन कोंबही उपटले.

मग एका दुपारी मामा गणवेशातच घरात आला. तिकिटांची पेटी गळ्यात तशीच. आई भाकरी थापत होती, आबा सोप्यात कोयता घासत होते. मामा पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "तानूचं डोळं आल्यात. दोनीबी. तिचा बा म्हणतोय, वाडीत कुणालाच आलं न्हाईत, हिलाच आल्यात. तुमचं तुमी काय ते बगा म्हणतोय."

आईचा हात परातीवर थांबला. आबांनी कोयत्याच्या धारेवर अंगठा फिरवला, मामाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बगितलं म्हणायचं तिनं," ते म्हणाले. "लागण साधली की, बेण्या."

तिनं हे कधीच मान्य केलं नाही. संसार झाला, लेकी झाल्या, त्यांची लग्नं झाली, तरी नाही. तिचं म्हणणं, रस्त्याचं काम चाललं होतं, धुळीनं आले. मी म्हणायचो, धूळ वाडीत तुझ्याच डोळ्यात गेली? ती म्हणायची, मग तुम्ही विसरून गेलेला तो घाण पंचा मी उचलून धुतला, त्यानं आले असतील, तुमच्या कानांकडं बघायला मी काय खुळी होते? आजकाल टीव्हीवरही तेच सांगतात, बघून डोळे येत नाहीत, हात आणि कापड लागून येतात. टीव्हीनं सांगितलं त्या दिवशी तिनं मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं आणि आवाज मोठा केला. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यातही मी एकदा विषय काढला. ती नळ्यांतून म्हणाली, "धूळ." मी म्हटलं, बघितलंस. ती म्हणाली, "धूळ," आणि कुशीवर झाली.

असेल. धूळ असेल, पंचा असेल. ती समोर असती तर मी हे तोंडातून काढलं नसतं.